त्रेचाळिसावी

१

रोज सकाळी सातला क्यूबलर हवालदार आम्हाला मोजायला यायचा. बर्फ पडत असो, कुणाला ताप असो, कुणाच्या घरात रात्रीच भांडण झालेलं असो, सात वाजले की नऊही घरगाड्यांची दारं उघडायची आणि आम्ही आपापल्या शिडीसमोर ओळीत उभे राहायचो. आधी पुरुष, मग बायका, मग उंचीप्रमाणे पोरं. क्यूबलर बोट नाचवत, ओठ हलवत मोजायचा. त्रेचाळीस. वहीत लिहायचा, नाक शिंकरायचा आणि जायचा. माणूस चांगला होता असं मी म्हणणार नाही. आळशी होता, आणि त्या दिवसांत आळशी पोलीस मिळणं ही देवाची कृपा होती.

गोष्ट एकोणचाळीस सालची, जर्मनीतली. आम्ही सिंती. शहरातले लोक आम्हाला जिप्सी म्हणत, आणि त्याच्या मागंपुढं आणखी जे काही लावत ते मी इथं सांगत बसत नाही. पूर्वी आम्ही उन्हाळाभर गावोगाव हिंडायचो. माझा नवरा टोनो लग्नांत व्हायोलिन वाजवायचा, मी दारोदार लेस विकायचे. माझी जीभ अशी चालायची की लेस नको असलेली बाईसुद्धा चार हात लेस घेऊनच दार लावायची. मग हुकूम निघाला. आम्हाला शहराबाहेर जुन्या वाळूच्या खाणीशेजारी आणून टाकलं, भोवती कुंपण घातलं आणि गाड्यांची चाकं काढून नेली. चाकं नेली त्या दिवशी टोनो म्हणाला, चला, वंगणाचा खर्च वाचला. कुणी हसलं नाही.

बर्लिनहून एक बाई यायची. तिला आम्ही मोजणारी म्हणायचो. तरुण होती, गोड बोलायची, पोरांना चॉकलेट द्यायची. आणि आमची भाषा बोलायची. तीच तर पंचाईत होती. इतकी वर्षं आमची भाषा बाहेरच्यांना कळत नाही, एवढ्यावरच आम्ही तगलो होतो. ती पोरांच्या डोक्याला लोखंडी चिमटा लावायची आणि त्यांना हसवत आमच्याच शब्दांत मोजत जायची, नाक, कान, बाल म्हणजे केस. तिच्याकडे एक चपटी पत्र्याची पेटी होती. तीत कापसावर वीस काचेचे डोळे मांडलेले, फिक्या निळ्यापासून पार काळ्यापर्यंत. ते एकेक करून आमच्या डोळ्यांशेजारी धरायची आणि नंबर लिहायची. आमच्यातल्या प्रत्येकाचं तिनं कार्ड केलं होतं. आमचे पणजोबासुद्धा तिच्या कागदावर होते.

ज्या पोरींच्या कार्डावर ती लाल खूण करी, त्यांना दहा पूर्ण झाली की दवाखान्याचं पत्र यायचं. पत्रात लिहिलेलं असायचं, मंदबुद्धी. माझ्या जावेची पोर चार भाषांत शिव्या देऊ शकायची, ती म्हणे मंदबुद्धी. तिला नेलं आणि दोन आठवड्यांनी परत आणलं. पोटावर टाके होते. तिला आता कधी मूल होणार नव्हतं. त्यानंतर ती पोर कुठल्याच भाषेत बोलली नाही.

माझ्या लेकीला जूनमध्ये दहा पूर्ण होणार होती. तिच्या कार्डावरची लाल खूण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

२

फेब्रुवारीत घटसर्प आला. आमची दोन पोरं घसा सुजून पडली. पुढं ती बरी झाली, पण शहराची घाबरगुंडी उडाली. क्यूबलर फाटकाबाहेरूनच मोजायला लागला. म्युनिसिपालिटीचा डॉक्टर तर रस्त्याच्या पलीकडे उभा राहून, तोंडाला रुमाल लावून, ओरडून चौकशी करायचा. त्या रुमालाकडे बघता बघता माझ्या मनात ती गोष्ट आली.

वरच्या डोंगरगावात क्रेसेन्झ नावाची विधवा राहायची. गेली पंधरा वर्षं माझी गिऱ्हाईक. मूलबाळ नाही, बोलणं अगदी मोजकं. ती आठवड्यातून एकदा आमच्याकडे बटाट्यांची गाडी घेऊन यायची. मी फाटकाशी तिला हळूच सगळं सांगितलं. तिनं बटाटे तोलून दिले, पोतं झटकलं, आणि एवढंच विचारलं, की पोरीला गाई आवडतात का.

ठरलं ते असं. लेक रिकाम्या पोत्यांखाली झोपून डोंगरावर जाणार, आणि इकडे वस्तीत ती मरणार. आमच्यात माणूस गेलं की त्याचं होतं नव्हतं ते सगळं जाळतात. अंथरूण, कपडे, कप, चमचा, सगळं. आणि त्याचं नाव त्यानंतर कुणी घेत नाही. रडताना नाही, कुजबुजताना नाही, झोपेतसुद्धा नाही. हे मोजणारीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नऊही गाड्यांनी ते जसंच्या तसं पाळायला हवं होतं.

वस्तीत सगळ्यांत म्हातारा पापो. पापो म्हणजे आजोबा, सगळे त्याला तेच म्हणायचे. तो नाहीच म्हणाला.

"जिवंत माणसाचं असं करत नाहीत, वाला," माझं नाव घेऊन तो म्हणाला.

"जिवंत पोरीला टाके घालून आणतात, तिचं काय करतात ते सांग मग," मी म्हटलं.

 तो उठला आणि सरपण काढून दिलं त्यानं.

लेकीला मी पोत्यांखाली झोपवलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तिला सांगितलं, आजपासून तुझं नाव दुसरं, क्रेसेन्झ देईल ते. जुन्या नावानं कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

"तू मारलीस तरी?"

"मी मारली तरी."

तिनं मान डोलावली. अतिशय आज्ञाधारक पोर होती. फक्त एक खोड होती तिला. आमच्या शिडीला तीन पायऱ्या. ती पहिलीवर पाय ठेवी, दुसरीवर ठेवी, आणि तिसरी गाळून दोन्ही पायांनी थेट आत उडी मारी. टक, टक, धप्प. दिवसातून पन्नासदा. फळीवरची भांडी हलायची आणि मी ओरडायचे. त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा वाटलं, एकदा मारू द्यायला हवी होती तिला उडी.

शवपेटी शहरानं दिली. घटसर्पाची पेटी वस्तीतच खिळे ठोकून बाहेर द्यायची, असा हुकूम होता, तो आमच्या पथ्यावर पडला. प्रश्न वजनाचा होता. टोनोनं खाणीतून ओली वाळू आणली आणि विचारलं, किती भरू? मी पोतं उचलून कडेवर घेऊन बघितलं. जड होतं. थोडी वाळू काढली, परत उचललं. परत थोडी घातली. असं चार-पाच वेळा केलं, आणि मग माझा हात म्हणाला, हं, एवढीच. आईच्या हाताला वजन कळतं. मग ते पोतं मी तिच्या पांघरुणात गुंडाळलं आणि दोन्ही बाजूंनी पांघरूण नीट खोचलं, कारण ती झोपेत लाथा मारते. मी वेडी नव्हते, ती वाळू आहे हे मला माहीत होतं. हातांना सवय, म्हणून खोचलं.

त्या वेळी मी आणखी एक केलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

३

पेटी गेली, डॉक्टरनं रस्त्यापलीकडूनच कागदावर सही केली, आणि संध्याकाळी आम्ही तिच्या वस्तू जाळल्या. तिचा निळा कप जळत नव्हता, तो टोनोनं दगडानं फोडला. मला रडायचं नाटक करावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातला आम्ही ओळीत उभे राहिलो. क्यूबलरनं फाटकातून बोट नाचवलं.

"त्रेचाळीस," तो म्हणाला.

पापो म्हणाला, "बेचाळीस, साहेब. काल एक गेली आमची."

क्यूबलर वरमला, हो हो म्हणाला आणि परत मोजायला लागला. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. बोट माझ्यावर आलं, मग माझ्या डाव्या हाताला किंचित खाली झुकलं, मग जावेवर गेलं.

"त्रेचाळीस," तो पुन्हा म्हणाला.

दोन वर्षं एकच आकडा मोजणाऱ्याच्या तोंडात तोच बसणार. मी तसंच म्हटलं स्वतःला. त्यानं वहीत बेचाळीस लिहिलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी तेच झालं. आठवड्यानं आजार ओसरला, तेव्हा तो आत आला आणि छडी एकेकाच्या खांद्याला लावत मोजलं. बेचाळीस. हुश्श झालं मला. मग तो चार पावलं मागं गेला, सवयीनं पुन्हा एकदा बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा पडला.

जावेनं त्या दिवशी त्याची खूप चेष्टा केली. बायकोला म्हणावं चष्मा घेऊन दे, नाहीतर पगार दोनदा मोजशील. सगळे हसले. मीही हसले, पण माझं लक्ष माझ्या डाव्या बाजूला होतं. जाऊ माझ्यापासून जरा लांब उभी होती. आमच्या दोघींत एका माणसाची जागा मोकळी होती. कधीपासून आम्ही अशा उभ्या राहायला लागलो ते मला आठवेना.

जाताना क्यूबलर माझ्याजवळ थांबला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, कुणी पोर लपवलं असेल तर आत्ताच सांग. बर्लिनची बाई मार्चमध्ये येतेय. तिला मी काय सांगू?"

पोर लपवलंच होतं की. फक्त त्याला वाटत होतं तिथं नव्हतं.

४

दुपारी दोनच्या सुमाराला मी गाडीत एकटी असायचे. टोनोला आता रस्त्याच्या कामाला जुंपलं होतं, तो अंधार पडल्यावर यायचा. एक दिवस मी दाराकडे पाठ करून बटाटे सोलत होते.

टक.

मी सोलत राहिले.

टक.

मग धप्प. फळीवरची भांडी हलली.

"हळू गं," मी म्हणाले. तोंडातून गेलंच. आणि मग सुरी हातात तशीच राहिली. वळून बघितलं तर दार उघडं, बाहेर ऊन, शिडी रिकामी. शेजारचं कुत्रं शिडीखाली झोपायचं, तेच चढून उतरलं असेल. कुत्रं धप्प करतं का, असं मी स्वतःला विचारलं नाही. मी उठून दार लावलं आणि उरलेले बटाटे जाड सालं काढून कसेतरी संपवले.

तिची झोपायची फळी आम्ही ठेवली होती, ती गाडीलाच ठोकलेली, जाळणार कशी? गादी गेली, फळी उघडी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फळीवर वाळू दिसली. चिमूटभर. खाणीशेजारी राहणाऱ्याच्या घरात वाळू येणार, त्यात काय. आमच्या सूपातसुद्धा वाळू असायची. मी झाडली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ओंजळभर होती, मधोमध, लांबट. मी फळीवर हात ठेवला तर ऊब लागली. शेगडीचा नळ मागून जातो म्हणून, असं म्हणून मी नळाला हात लावला. शेगडी पेटवलेलीच नव्हती.

आता मी खरं सांगते, मला भुताची भीती वाटली नाही. मला वेगळंच वाटलं, आणि ते भुतापेक्षा वाईट होतं. वाटलं, पोर डोंगरावर मेली. आजारी पडली असेल, गोठ्यात पाय घसरला असेल, कुणी चुगली केली असेल, आणि मेली, आणि आता घरी येतेय. आजारानंतर बाहेरच्या माणसांना फाटकाशी यायची बंदी झाली होती. क्रेसेन्झची गाडी बंद. मला बाहेर जायला परवाना नव्हता. डोंगर आमच्या शिडीवरून दिसायचा, चालत गेलं तर सहा तास. मी त्याच्याकडे बघत उभी राहायचे आणि मला काही म्हणजे काही कळायचा मार्ग नव्हता.

टोनोला मी हे सांगितलं नाही. पण तो रात्री आला की तिच्या फळीवर व्हायोलिनची पेटी ठेवायचा, ती आता जमिनीवर ठेवायला लागला. 

५

शेवटी मी पापोकडे गेले. तो दारात बसून टोपली विणत होता. मी म्हटलं, तू म्हातारा आहेस, तू बरंच बघितलंयस, मला सांग, माझी पोर जिवंत आहे का?

तो म्हणाला, ते मला कसं कळणार. मग काडी वाकवता वाकवता त्यानं विचारलं,

"तुझ्याकडे येतंय ते?"

मी मान डोलावली.

"सकाळी ओळीत तुझ्या डावीकडे असतं," तो म्हणाला. "मी तिकडे बघत नाही." मग त्यानं टोपली खाली ठेवली. "पोतं गुंडाळताना तू नाव घेतलंस का?"

 घेतलं होतं. पांघरूण खोचून झाल्यावर वाकून त्या पोत्याला म्हणाले होते, झोप गं, आणि पुढं तिचं नाव. नऊ वर्षं रोज म्हणत आले तसं. एकदाच. हळूच.

पापोनं काही शिकवलं नाही, की रागावला नाही. डोळे पुसले, आणि म्हणाला की आता निदान पुन्हा घेऊ नकोस. मी विचारलं, घेतलं तर? तो म्हणाला, "नावानं बोलावलं तर कुणीही येतं, पोरी. तूही येतेस, मीही येतो."

६

मोजणारी मार्चच्या शेवटी आली. आधी क्यूबलरशी फाटकात बराच वेळ बोलली. मग थेट माझ्या गाडीत आली, दुपारची, मी एकटी असताना.

तिनं सांत्वन केलं. अगदी आमच्या रीतीनं, आमच्या शब्दांत, नाव न घेता. माझा हात हातात घेतला. बाहेरच्या कुणी आमचं दुःख इतकं बिनचूक पाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळेच मी जास्त सावध झाले. मग ती टेबलाशी बसली. पत्र्याची पेटी उघडून ठेवली, कागद काढले. म्हणाली, घराण्याची यादी एकदा ताडून घेऊ, मी नावं वाचते, तू फक्त ऐक.

तेव्हा माझ्या लक्षात आलं ती काय करतेय. मेलेल्याचं नाव कानावर आलं की आमचा माणूस कान झाकतो, मान खाली घालतो. ते शिकवावं लागत नाही, हात आपोआप उठतात. ती कागदाकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. सासऱ्यांचं नाव वाचलं, माझे हात उठले. टोनोचं वाचलं, हात मांडीवर. माझ्या आईचं वाचलं, उठले. ती पेन्सिलीनं बारीक खुणा करत होती. माझ्या पोरीचं सगळं आयुष्य आता माझ्या या दोन हातांवर होतं. जरा उशीर झाला, जरा जास्त झटकन झालं, तरी ती ओळखणार होती.

मग तिनं लेकीचं नाव घेतलं. वाचल्यासारखं नाही. मोठ्यानं, दाराकडे तोंड करून, पोरीला जेवायला बोलवावं तसं.

मी कान झाकले आणि मान खाली घातली. नाटक नव्हतं ते. माझ्या अंगातलं सगळं बळ त्या हातांत गेलं होतं.

तरीही मला ऐकू आलं.

टक.

मोजणारीची पेन्सिल थांबली.

टक.

माझी पाठ दाराकडे होती. मोजणारी समोर, तोंड दाराकडे. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं, पण माझी मान खालीच राहिली, आणि माझ्या नजरेसमोर टेबलावर ती उघडी पेटी होती.

धप्प. भांडी हलली.

वीस काचेचे डोळे. प्रत्येकात दाराचा उजेड पडला होता, नखाएवढा पांढरा चौकोन. आणि प्रत्येक चौकोनात, खालच्या अर्ध्यात, काहीतरी उभं होतं. कडीपर्यंत उंच. निळ्या डोळ्यात, घाऱ्या डोळ्यात, काळ्या डोळ्यात, तेच. हात नव्हता, तोंड नव्हतं, निदान मला दिसलं नाही. कडा स्थिर नव्हत्या, सारख्या थोड्या थोड्या खाली येत होत्या. माझ्या मागं लाकडावर वाळू सांडल्याचा बारीक आवाज येत होता, थांबत नव्हता.

मी वळले नाही. माझी पोर असती तर वळले असते. ती असती तर मी धावले असते. हे मला तेव्हा कळलं, आणि त्या भीतीतसुद्धा मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. ही ती नाही. म्हणजे ती आहे. डोंगरावर आहे, गाईंपाशी आहे, आणि जिवंत आहे.

किती वेळ गेला माहीत नाही. चौकोन पुन्हा रिकामे झाले. मोजणारीनं कार्ड ओढलं, त्यावर आडवी रेघ मारली, पेन्सिल मोडली. दुसरी काढली. तारीख लिहिली. उठली तेव्हा खुर्ची पडली. दाराशी पोचली, पण शिडीवर पाय ठेवेना. माझ्याकडे न बघता, आमच्या भाषेत म्हणाली,

"तिला सांग, मी लिहिलंय. मेली म्हणून लिहिलंय मी."

ती शिडीच्या बाजूनं, कठड्याला धरून उतरली. काचडोळ्यांची पेटी तशीच राहिली. ती मी खाणीत खोल पुरली. दुसऱ्या दिवसापासून क्यूबलरनं आम्हाला मोजायचं सोडलं. फाटकाशी यायचा, वहीत बेचाळीस लिहायचा, आणि मान वर न करता जायचा.

७

पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्हाला पोलंडला नेलं. त्याबद्दल मी फार बोलत नाही. आगगाडीच्या डब्यात श्वास घ्यायला जागा नव्हती, माणसं माणसांवर पडलेली, पण माझ्या डाव्या कुशीला कुणी टेकलं नाही. पापो समोर होता. त्याला ताप होता. मरायच्या आधी त्यानं पाय आखडून घेतले, कुणाला बसायला जागा करून द्यावी तसे, आणि माझ्या डावीकडे बघून हसला. त्या सबंध वर्षात पहिल्यांदा बघितलं त्यानं तिकडे.

टोनो पहिल्याच हिवाळ्यात दगडाच्या खाणीत मेला. जाऊ आणि तिची न बोलणारी पोर त्याच्या पुढच्या. छावणीत आम्हाला पाच-पाचच्या रांगांत मोजायचे. माझ्या रांगेत कधी चारच बायका असल्या तरी पाच मोजल्या जायच्या. एकदा एक बाई तापानं बराकीतच पडून राहिली. सापडली असती तर तिला तिथंच संपवलं असतं. आकडा बरोबर भरला. कुणी विचारलं नाही. त्या रात्री ती बाई माझ्या हाताला ओठ लावून रडली. मी म्हटलं, माझे नको मानू आभार. पण मग कुणाचे, ते मला सांगता येईना.

हळूहळू मला सवय झाली. माणूस कशाचीही सवय करून घेतो, असं लोक म्हणतात, पण ती नुसती सवय नव्हती. सकाळी फळीवर वाळू असली की मला बरं वाटायचं. नसली तर मी डावीकडे हात लांब करून चाचपायचे. नाव मात्र मी पाच वर्षं घेतलं नाही. मी घेतलं तर ती येईल, आणि ती आली तर मला वळून बघावं लागेल.

८

पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये मी डोंगरगावात पोचले. त्रेचाळिसांपैकी आम्ही तीन उरलो होतो. माझ्या डोक्यावर बोटभर केस होते, अंगावर कुणाचातरी पुरुषी कोट. तीन दिवस चालत होते. जिथं बसायचे तिथं उठताना मागं थोडी वाळू असायची.

क्रेसेन्झच्या दारात एक उंच मुलगी शेंगा मोडत बसली होती. सोळा वर्षांची. तिनं वर बघितलं, टोपली खाली पडली.

"आई," ती म्हणाली.

आम्ही दोघी रडलो. क्रेसेन्झनं दूध तापत ठेवलं. लेक गावच्या लोकांसारखी बोलायला लागली होती, प्रत्येक शब्द ओढून. हाताला गाईंचा वास होता. पोटावर टाके नव्हते. मी तिथंच, दारात, सगळ्यांसमोर तिचा सदरा वर करून बघितलं, आणि तिनं मला बघू दिलं.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "आई, सहा वर्षांत मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही. एकदा मार ना."

मी उंबऱ्याच्या आत उभी होते, पाठ दाराकडे. दाराला तीन दगडी पायऱ्या. मला माहीत होतं कुंपणाशी कोण थांबलंय. नको म्हणायला हवं होतं. पण सहा वर्षांनी लेक एवढंच मागते आणि आई नाही म्हणते, असं कुठं झालंय का?

मी नाव घेतलं.

लेकीचे ओठ उघडले. तिला ओ द्यायची होती, मी बघत होते, गळ्याची शीर ताठ झाली होती. पण आवाज येईना. जुन्या नावानं कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी मारली तरी. मीच शिकवलं होतं, आणि ती फार आज्ञाधारक पोर होती.

टक. टक. धप्प.

"ओ, आई," माझ्या पाठीशी, नऊ वर्षांच्या आवाजात.

लेकीनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. मग तिनं तोंड मिटलं, आणि पुन्हा कधी ते नाव मागितलं नाही.

आता मी त्याच गावात राहते, गोठ्यावरच्या खोलीत. मोठीला मी क्रेसेन्झनं दिलेल्या नावानं हाक मारते. ती रविवारी येते, तिचं बाळ घेऊन, पण बाळाला खोलीत खाली ठेवत नाही. दारातच उभी राहून बोलते. तिचा राग नाही मला. ती जिवंत आहे, तेवढ्यासाठीच तर सगळं केलं.

पण दुसरी माझ्याबरोबर छावणीत गेली होती. ती माझ्या रांगेत उभी राहिली. ते नाव आता तिचं आहे. मी ते रोज संध्याकाळी एकदा घेते, अंथरूण घालताना, आणि मग पांघरूण दोन्ही बाजूंनी खोचते. कधी कधी उचलून कुशीत घेते. वजन अजून तेवढंच आहे.